कात्री काढण्याआधी

दसरा जवळ आला की छत्रपती संभाजीनगरात घरोघरी साफसफाई निघते आणि तिच्या तडाख्यात बागही सापडते. पावसाळ्यात माजलेलं गवत उपटायचं, वेली छाटायच्या, पाला लोटून कोपऱ्यात पेटवायचा, शेवंतीच्या चार कुंड्या आणून पायरीवर मांडायच्या. मग अंगण कसं चकचकीत दिसतं. दिसायला छान, पण बागेच्या दृष्टीने हा वर्षातला सगळ्यांत महागडा रविवार असतो. या एका दिवसात आपण जमिनीतली ओल उघडी पाडतो, पुढच्या वर्षाचं खत जाळतो आणि फुकट राबणाऱ्या शेकडो किड्यापाखरांना घराबाहेर काढतो.

परदेशी व्हिडिओ पाहून बाग करणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा होतो. तिकडे या दिवसांत पानं पिवळी पडून गळतात, थंडी येते आणि बाग झाकून ठेवायची वेळ होते. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात. आपला शरद म्हणजे दिवसा ३२-३४ अंशांचं ऊन, रात्री हळूहळू उतरणारा पारा, पहाटे दव आणि जमिनीच्या पोटात चार महिन्यांची साठलेली ओल. भाजीपाला, गुलाब, शेवंती, झेंडू, सगळ्यांचा दुसरा हंगाम आता सुरू होतो. आणि पुढे मृगापर्यंत आठ कोरडे महिने आहेत. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, तिथे ऑक्टोबरात राखलेली ओल म्हणजे उन्हाळ्यात वाचलेला टँकर.

म्हणून पहिलं काम थांबण्याचं. उत्तरा-हस्ताचा पाऊस मराठवाड्यात बऱ्याचदा शेवटी झोडपून जातो. २०२५च्या सप्टेंबरात त्याने कसा पूर आणला ते सगळ्यांनी पाहिलं. मोसमी वारे आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतात. तोवर काळ्या जमिनीत कुदळ घालू नका. ओल्या काळ्या मातीत खणलं की तिची ढेकळं होतात आणि ती वाळली की विटेसारखी कडक होतात. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून पाहा: गोळा होऊन चिकटली तर थांबा, दाबल्यावर गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटली तर कामाला लागा. शहरातल्या सातारा परिसरासारख्या डोंगरालगतच्या वसाहतींत वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे वाफसा दोन दिवसांत येतो, पण ओलही तेवढ्याच झपाट्याने उडते.

खुरपणी एकदाच करा, वरवर करा. काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या की त्या भेगांतून ओल वाफ होऊन निघून जाते. वरचा दोन बोटं थर भुसभुशीत केला की ती वाट बंद होते. त्यावर वाळल्या पाल्याचं दोन-तीन इंच जाड आच्छादन घाला. फक्त खोडापासून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो आणि वाळवीला आयतं निमंत्रण मिळतं. आच्छादन घातलेल्या वाफ्याला पाणी देण्याआधी पाला बाजूला सारून बोट खुपसून पाहायची सवय लावा. ‘ऑक्टोबर हीट’ला घाबरून रोज पाणी घालणाऱ्यांच्या कुंड्यांतली झाडं तहानेने मरत नाहीत, मुळं कुजून मरतात. पाणी सकाळी द्या. बोअरचं पाणी बऱ्याच भागांत जड आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र फरशीलाच वापरा, त्यात क्षार आणखी दाट असतात.

पाल्याचं काय करायचं हा प्रश्न सोसायट्यांत भांडणाचा असतो. उत्तर कायद्यानेच दिलं आहे: उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आणि साध्या प्रकरणातही ५,००० रुपयांची भरपाई ठरवली. जाळीचा गोल पिंजरा करा, त्यात पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि शेणकाला असे थर द्या, आठवड्याला एकदा पाणी शिंपडा. कडुनिंबाचा पाला लवकर मुरतो. आंबा आणि बदामाची पानं चिवट असतात, ती आधी मोडून किंवा पायांखाली तुडवून घाला. दसऱ्याची झेंडूची तोरणंही दोरा काढून यातच घाला. घटातली माती आणि धान कुठे सोडायचं या विचारात पडू नका, बागेतल्या एखाद्या आळ्यात पुरून टाका. त्या चार मुठी मातीला याहून चांगली जागा नाही.

गुलाबाची छाटणी

आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर होते. चूक नेहमी घाईची असते. छाटल्यावर पाऊस आला तर कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. म्हणून आकाश सलग आठवडाभर कोरडं राहिलं की मगच कात्री हातात घ्या. साधारण ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. छाटणीआधी आठ दिवस पाणी कमी करा.

आधी मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. कलमाच्या गाठीच्या खालून उगवलेली फूट ही खुंटाची असते. ती कापू नका, बुडापासून ओढून काढा, कापली की पुन्हा येते. मोठ्या फुलांच्या जातींत चार-पाच जाडजूड फांद्या ठेवून त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटा. काप तिरका द्या आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अगदी थोडा वर द्या, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते, मध्यभागी हवा खेळते. कात्रीला धार हवी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसा. कापांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. मग आळं उकरून दोन-तीन दिवस उन्हात तापू द्या, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी द्या. साधारण ४० ते ४५ दिवसांत फुलं येतात. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात छाटलेला गुलाब नोव्हेंबरच्या अखेरीस फुलतो. दिवाळीत फुलं हवीत म्हणून सप्टेंबरात कात्री चालवणाऱ्यांना बहुधा ना फुलं मिळतात, ना निरोगी फांद्या.

जास्वंद, कण्हेर, बोगनवेल, मेंदीचं कुंपण यांना सध्या हात लावायची गरज नाही. बोगनवेलीचं पाणी तोडा, ती रागाने फुलते. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत. मोठ्या आंब्याला तर मुळीच छाटू नका. पावसाळ्यात आलेली पालवी आता जून होत असते आणि पुढचा मोहर तिच्यावरच यायचा असतो. फळावर आलेल्या आंब्याचं पाणी आता बंद करून थेट फळं वाटाण्याएवढी झाल्यावर सुरू करायचं. पाणी चालू ठेवलं की झाड मोहराऐवजी पालवी काढतं. नवं कलम घ्यायचं असेल तर हिमायतबागेत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. मुघलांच्या काळापासूनची ती बाग एकदा सकाळी फिरून यावी अशीच आहे. केशर आंब्याने मराठवाड्यात चांगला जम बसवला आहे; अंगणात एकच आंबा लावायचा तर तोच लावा.

शेवंतीबद्दल एक गोष्ट रोपवाटिकेत कोणी सांगत नाही. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. पोर्चमध्ये रात्रभर दिवा जळत असेल, किंवा गेटवरच्या दिव्याचा झोत कुंडीवर पडत असेल, तर तिला रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही आणि कळ्या लांबतात. कुंड्या घराच्या काळोख्या बाजूला हलवा. विकत घेताना पूर्ण फुललेली कुंडी घेऊ नका. रंग दिसू लागलेल्या टणक कळ्यांची घ्या, तीन आठवडे जास्त टिकते.

सीताफळाचं झाड अंगणात असेल तर आता रोज नजर ठेवा. दौलताबादेकडून टोपल्या यायला लागल्या की आपल्या झाडावरचंही फळ तयार होत आलेलं असतं. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसल्या की फळ काढा आणि तीन-चार दिवस अढीत ठेवा. झाडावर पिकेपर्यंत वाट पाहिली तर ते खार खाते. दोन-चार फळं तिलाही जाऊ द्या, बाकीच्यांना कागदी पिशव्या बांधा. खाचांत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी मुंग्यांची रांग तोडा, कारण मुंग्या त्याची राखण करतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळा, ढेकणावर साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारा.

अंगणातले पाहुणे आणि भाडेकरू

फवारणीचा पंप काढण्याआधी दहा मिनिटं बागेत नुसतं बसा. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. ती अळी आहे. कात टाकत ती मोठी होते आणि शेवटी पानाच्याच रंगाची हिरवी होते. काडीने हळूच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि कुजलेल्या लिंबासारखा उग्र वास सोडते. हे लिंबावरचं फुलपाखरू. मोठं झाड त्याला सहज पोसतं. रोप लहान असून पानं संपत आली असतील तर अळ्या पानासकट उचलून बेलाच्या किंवा मोठ्या लिंबाच्या झाडावर ठेवा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर वाढतो. अळी मारायची आणि फुलपाखरू अंगणात यावं अशी इच्छा धरायची, हे जमायचं नाही.

कुंपण छाटायचंच असेल तर आधी फांद्या वाकवून पाहा. काडीला चिकटलेला, वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा म्हणजे प्रार्थना कीटकाची अंडी. त्यातून निघणारी पिल्लं तुमच्या बागेतल्या किडी खातात, तेवढी काडी राहू द्या. ठिपकेवाल्या मुनियांची घरटीही या दिवसांत अजून चालू असतात: गवताचा वेडावाकडा चेंडू, बाजूला भोक. गवताचं बी हे त्यांचं धान्य. म्हणून बागेचा एक कोपरा, फार नाही, खाटेएवढा, दिवाळीपर्यंत कापू नका. शेजारी काय म्हणतील याची फार काळजी वाटत असेल तर भोवती विटांची ओळ लावा. विटा लावल्या की रानही मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

गाजरगवताला मात्र ही सवलत नाही. फुलावर येण्याआधी ते मुळासकट उपटा, हातमोजे घालून, आणि फूल नसेल तरच कंपोस्टात घाला. पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली तर समजा की मेक्सिकन भुंगेरे आले आहेत. हे भुंगेरे भारतात १९८४ मध्ये बेंगळुरूजवळ याच गवतावर मुद्दाम सोडले गेले आणि तिथून पसरले. हिवाळ्याच्या तोंडावर ते जमिनीत दडतात. तिथली माती उकरू नका.

पाहुण्यांची वर्दी सप्टेंबरअखेरपासूनच लागते. गच्चीवर शेपटी वर-खाली हलवत धावणारा, पोटाखाली पिवळा, पाठीला राखाडी असा धोबी सहसा पहिल्या पाहुण्यांपैकी असतो. ऑक्टोबरात कुंपणाच्या भिंतीवर काळा थिरथिरा दिसू लागतो. नर काळा आणि विटकरी पोटाचा, मादी मातकट, आणि दोघांचीही शेपटी सतत थरथरते. तो जमिनीवर उतरून किडे टिपतो; लोटून फरशीसारखं केलेल्या अंगणात त्याला खायला काही उरत नाही. संध्याकाळी घोळक्याने तरंगणारे पिवळसर चतुर दिसले तर वर पाहत राहा. भटक्या चतुरांचे थवे भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असं चार्ल्स अँडरसन या संशोधकाने २००९ मध्ये मांडलं. जांभळा शिंजीर गायब झालाय असं वाटेल. तो इथेच आहे, फक्त विणीनंतर नराने चकाकणारा पोशाख उतरवलाय. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते, तिच्यावरून ओळखा.

पक्ष्यांचे मोठे थवे पाहायचे तर थंडी पडल्यावर पैठणला जायकवाडीच्या काठावर जा. तिथल्या नाथसागर जलाशयाला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. शहरात दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर आहेच. ज्यांच्या नावाचं ते सरोवर, त्या सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला केली होती, आणि आपला जिल्हा तेव्हा त्या संस्थानातच होता. घरी फक्त एक करा: उथळ परळात स्वच्छ पाणी ठेवा, रोज बदला. दाणे टाकायची सध्या गरज नाही, रानात आणि शेतात भरपूर आहे. टाकले तर कबुतरांचीच सोय होते.

रोज बदला हे पाण्याबद्दल मुद्दाम लिहिलं आहे. पाऊस थांबल्यावर डेंग्यू डोकं वर काढतो. त्याचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंड्यांखालच्या थाळ्या, उन्हाळ्यापासून तसाच पडलेला कूलर, गच्चीवरचा जुना टायर, पाणी साठवायचे उघडे ड्रम, हे सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करा. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडा.

आता सापांचं. ऑक्टोबरात पाल्याचे ढीग, विटांची चळत, कुंड्यांमागची सांदी यांत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. बूट घाला, संध्याकाळी विजेरी घ्या. धामण दिसली तर तिला जाऊ द्या, उंदरांचा बंदोबस्त तीच करते. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांतलं काही वाटलं तर लांब उभं राहून सर्पमित्र येईपर्यंत नजर ठेवा, मारायला जाऊ नका. मारायला किंवा पकडायला गेलं की दंशाचा धोका वाढतो. दंश झालाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-बांगड्या उतरवा, हात-पाय हलू न देता १०८ला फोन करा आणि सरळ घाटी रुग्णालय गाठा. पाल्याचा ढीग घराच्या भिंतीला लागून नसावा, तो कुंपणाकडे असावा, एवढ्याने निम्मी भीती जाते.

गोगलगायींनी २०२२च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडच्या सोयाबीनचं केवढं नुकसान केलं ते आठवत असेल. रोपवाटिकेतल्या कुंडीच्या मातीतून त्या शहरातही येतात. नवी कुंडी आणली की बुडाची माती पाहा. साबुदाण्यासारखे पांढरट-पिवळसर दाणे दिसले तर ती अंडी आहेत, चुरडून टाका. मोठ्या गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी टाका, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे विसरू नका. कोरडा काळ लागला की त्या शंखाचं तोंड बंद करून दडून बसतात आणि जूनमध्ये पुन्हा निघतात, म्हणून हे काम आत्ताच.

एवढं पाहून झाल्यावरही फवारणी लागली, तर निंबोळी अर्कापासून सुरुवात करा. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी या हिशेबाने रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून ऊन कललं की मारा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा नको. गुलाब आणि वेलींवर पहाटेच्या दवाने भुरी येते; तिच्यासाठी लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक पुरतं, पण भर उन्हात नाही आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीला दोन आठवडे व्हायच्या आत नाही, पानं करपतात.

पेरणीचं थोडक्यात. मेथी, पालक, मुळा ऑक्टोबरच्या मध्यापासून, दर पंधरा दिवसांनी वीतभर ओळ, म्हणजे सगळी एकदम जून होत नाही. कोथिंबिरीचे धने चपलेने रगडून दोन फोडी करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला आठ-दहा दिवस लावते, तेवढ्यात वैतागून दुसरं काही पेरू नका. वाटाणा आणि गाजर थंडीची चाहूल लागल्यावर. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथसची रोपं आत्ता ट्रेमध्ये टाकली तर डिसेंबरात फुलं. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. तुळशीच्या लग्नापर्यंत ती हिरवी राहील, आणि वाळलेल्या मंजिऱ्यांतलं बी पुढच्या पावसासाठी कागदात बांधून ठेवा.

दिवाळीत झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळू नका, खिळे तर नकोच. त्या फांद्यांवर रात्री पाखरं झोपतात. रोषणाई भिंतीला करा.

राहिला आपटा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात जे ढीग येतात ते आजूबाजूच्या डोंगरांवरच्या झाडांच्या फांद्या ओरबाडून आणलेले असतात, आणि त्यात बरंचसं कांचनच असतं. ओळख सोपी आहे: आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं आणि पातळ. यंदा सोन्याची जुडी घेण्याऐवजी घरात किंवा सोसायटीत मिळून एक आपट्याचं रोप लावा. मुरमाड जमीन त्याला चालते, उन्हाळा सोसतो, फार मोठाही होत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली पाणी घालायची तयारी मात्र ठेवा. ती नसेल तर रोप आणू नका, पुढच्या जूनची वाट पाहा.